असिंक एमक्यूटीटी लायब्ररीत हॅपी आयबॉल्स : कामाच्या नोंदी, सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२४

हॅपी आयबॉल्स म्हणजे सर्व्हरचे अनेक पत्ते असतील तर थोड्या थोड्या अंतराने एकेकावर प्रयत्न सुरू करायचा आणि जो आधी जोडेल तो ठेवायचा. एखाद्या असिंक (एक काम वाट बघत असताना दुसरं चालू ठेवणाऱ्या) नेटवर्क लायब्ररीत हेच काम करायला बसणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत. लायब्ररी पायथनमधली आहे, तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. यातल्या बऱ्याचशा चुका माझ्या आहेत आणि त्या कुठल्याही लायब्ररीत होऊ शकतात.

१४ सप्टेंबर, शनिवार

सकाळी मामांचा फोन. "अगं, यंत्र परत मुकं झालंय. कालपासून एक आकडा नाही."

मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिथे एक छोटं हवामान केंद्र बसवलं: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसता "पाय"), तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, आणि पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सर. दर पाच मिनिटांनी आकडे एमक्यूटीटी या उपकरणांचे छोटे संदेश नेणाऱ्या प्रोटोकॉलवरून माझ्या भाड्याच्या सर्व्हरवरच्या मॉस्किटो ब्रोकरकडे (संदेश घेऊन पुढे वाटणाऱ्या प्रोग्रामकडे) जातात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर पान किती तास ओलं राहिलं त्यावरून डावणी या बुरशीच्या रोगावरची फवारणी ठरते. त्यामुळे "दोन दिवसांनी बघते" असं म्हणायची सोय नाही.

बदल एकच झालाय. गेल्या आठवड्यात मामांनी गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलं. आधी सिमचा डोंगल होता, तो आता राखीव म्हणून आहे.

पायवरचा रिव्हर्स एसएसएच टनेल (लांबून पायवर काम करायची वाट) चालू दिसला. म्हणजे इंटरनेट आहे, असं धरून मी तीन तास चुकीच्या जागी घालवले: सर्टिफिकेटची मुदत तपासली, ब्रोकर दोनदा बंद-चालू केला, पासवर्ड बदलून पाहिला. ब्रोकरच्या लॉगमध्ये या पायचा एकही प्रयत्न नोंदलेला नव्हता, आणि ते मी सगळ्यात शेवटी पाहिलं. ते आधी पाहायला हवं होतं.

१५ सप्टेंबर

पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला आणि पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. इंटरनेटचे पत्ते दोन प्रकारचे, जुना आयपीव्ही ४ आणि नवा आयपीव्ही ६. ब्रोकरच्या आयपीव्ही ६ पत्त्याकडे सिन पॅकेट (जोडणी मागणारं पहिलं पॅकेट) जातंय, उत्तर शून्य. पॅकेट जाण्याचे सेकंद असे: ०, १, २, ३, ४, ५, ७, ११, १९, ३५. मग ६० व्या सेकंदाला सगळं सोडून परत ० पासून.

केबलवाल्याचा राउटर घरातल्या उपकरणांना आयपीव्ही ६ पत्ते वाटतो, पण राउटरच्या पुढे त्या पत्त्यांना वाट नाही. नकारही येत नाही, पॅकेट नुसतं गडप होतं. पायला वाटतं आपल्याकडे आयपीव्ही ६ आहे, म्हणून तो नियमाप्रमाणे आधी तिकडेच जातो.

लायब्ररी काय करते? पत्त्यांची यादी घेते, एकेक पत्ता क्रमाने धरते आणि एका पत्त्यासाठी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) हार मानेपर्यंत थांबते. या सगळ्यावर मिळून ६० सेकंदांचा टाइमआउट आहे. कर्नलला मात्र हार मानायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. ६० सेकंद संपले की लायब्ररी नव्याने सुरुवात करते, परत पहिला पत्ता, परत तोच आयपीव्ही ६. यादीत दुसऱ्या नंबरवर ठणठणीत आयपीव्ही ४ पत्ता बसलाय, त्याची पाळी कधीच येत नाही. एसएसएचला असा एकूण टाइमआउट नव्हता, म्हणून तो दोन मिनिटं थांबून का होईना, आयपीव्ही ४ वर पोचत होता. कालच्या गोंधळाचं कारण हेच.

टाइमआउट काढून मोजलं. पायवर १३१ सेकंद, माझ्या लॅपटॉपवर १२७. या चार सेकंदांनी अर्धा तास खाल्ला. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, कर्नल ५.१५. तिथे सिन ०, १, ३, ७, १५, ३१, ६३ ला जातात आणि १२७ ला प्रयत्न संपतो. पायवर कर्नल ६.६ आहे. ६.५ पासून कर्नल सुरुवातीचे चार पुनर्प्रयत्न एकेका सेकंदाने करतो आणि मग दुप्पट करायला लागतो, म्हणून चार सेकंद जास्त. तुमच्याकडे वेगळा आकडा आला तर आधी कर्नल पाहा.

मामांसाठी तात्पुरता उपाय लगेच केला: पायवरच्या गाय डॉट कॉन्फ फाइलमध्ये आयपीव्ही ४ ला अग्रक्रम देणारी ओळ चालू केली. आकडे यायला लागले. पण हा इलाज नव्हे. पसंतीचा क्रम उलटा केला एवढंच. ज्या दिवशी आयपीव्ही ४ ची वाट बंद पडेल त्या दिवशी हाच प्रकार दुसऱ्या बाजूने होईल. आणि ही लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांच्या मशीनवर जाऊन मी ही ओळ टाकू शकत नाही.

१८ सप्टेंबर

लायब्ररीच्या प्रकल्पात इश्यू (दोषाची तक्रार) नोंदवला. त्याआधी जुने इश्यू चाळले तर हीच तक्रार दोन वेळा येऊन "नेटवर्कचा प्रश्न" म्हणून बंद झालेली. दोन्ही वेळा तक्रार करणाऱ्याने फक्त "कधीकधी कनेक्ट होत नाही" इतकंच लिहिलं होतं. मी सिनचे सेकंद, ६० चा टाइमआउट आणि १३१ चा आकडा शेजारी शेजारी ठेवले. लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर रात्रीत आलं: दोष मान्य, पुल रिक्वेस्ट (दुरुस्तीचा कोड प्रकल्पात घ्यायची विनंती) चालेल, पण सोबत हा दोष हमखास दाखवणारी टेस्ट हवी.

उपाय नवा नाही. आरएफसी ८३०५ (इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या दस्तऐवजांपैकी एक), डिसेंबर २०१७, नाव हॅपी आयबॉल्स. पहिल्या पत्त्यावर प्रयत्न सुरू करायचा. २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही तर पहिला तसाच ठेवून दुसरा सुरू करायचा. जो आधी जोडेल तो ठेवायचा, बाकीचे सोडून द्यायचे. "सोडून द्यायचे" हे दोन शब्द वाचून मी पुढे गेले. पुढचे दोन महिने त्या दोन शब्दांवर गेले.

२१ आणि २२ सप्टेंबर

चाचणीसाठी बिघडलेलं नेटवर्क घरात उभं करायचं होतं. लिनक्सचे नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवरची एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं) वापरले. दोन नेमस्पेस, एकात क्लायंट, एकात ब्रोकर, मध्ये व्हेथची जोडी (आभासी तार), दोन्ही टोकांना आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ पत्ते. क्लायंटच्या नेमस्पेससाठी नावाचा पत्ता सांगणारी वेगळी होस्ट्स फाइल: ती इटीसी-नेटएनएसखाली त्या नेमस्पेसच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की आपोआप लागू होते, डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) उभा करावा लागत नाही.

मग आयपीव्ही ६ ची वाट मोडायची. रूटचा (पॅकेटच्या वाटेचा) एक प्रकारच ब्लॅकहोल नावाचा आहे. मी तो लावला आणि लायब्ररी जुन्याच कोडने झटक्यात आयपीव्ही ४ वर गेली. टेस्ट हिरवी, दोष गायब! पाच तास मी व्हेथ, होस्ट्स फाइल, पायथनची आवृत्ती, सगळं उलटंपालटं केलं. कारण असं की, ब्लॅकहोल रूट त्याच मशीनवरून निघणाऱ्या पॅकेटला मुकाट गिळत नाही. कनेक्ट करणाऱ्याला लगेच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ ही एरर मिळते. एरर मिळाली की लायब्ररी पुढच्या पत्त्यावर जाते. नावावर विसंबून राहिले.

खरं मौन हवं असेल तर पॅकेट समोरच्या टोकाला टाकावं लागतं. ब्रोकरच्या नेमस्पेसमध्ये आयपी६टेबल्स या फायरवॉलचा ड्रॉप नियम लावला. रिजेक्ट नव्हे, ड्रॉप. रिजेक्टने परत एरर येते आणि परत तीच फसगत. आता जुना कोड ६० सेकंदांवर अडकला. लाल टेस्ट बघून इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

२५ सप्टेंबर

टेस्ट दहातून दोनदा उगाच पडते. ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’. आयपीव्ही ६ पत्ता लावल्यावर कर्नल आधी शेजारी दुसऱ्या कुणाकडे तोच पत्ता आहे का हे विचारतो, आणि तोवर पत्ता वापरू देत नाही. झोप (ठरावीक वेळ नुसतं थांबायची ओळ) घालून भागवता येईल, पण टेस्टमध्ये झोप घालणं मला पटत नाही. पत्ता लावताना नोडॅड असा शब्द जोडला की ही तपासणी होत नाही. शंभर वेळा चालवली, शंभरही बरोबर.

२८ सप्टेंबर

पहिली आवृत्ती लिहिली. लायब्ररीत एका पत्त्यासाठी सगळं करणारं एक फंक्शन आधीपासून होतं: टीसीपी जोडणी, मग टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणं), मग एमक्यूटीटीचं कनेक्ट पॅकेट, मग ब्रोकरकडून होकार. मला ते फंक्शन तयार मिळालं म्हणून मी तेच शर्यतीत लावलं. दर पत्त्याला एक टास्क, मध्ये २५० मिलिसेकंद. पहिला होकार आला की बाकीचे टास्क कॅन्सल. ४१२ ओळी, कारण मी नोंदी ठेवणं, आकडेवारी, सेटिंग असं बरंच काही सोबत घातलं.

टेस्ट पास. पण टेस्टमधला सर्व्हर हा खरा ब्रोकर नव्हता, येईल त्याला होकार देणारा माझाच वीस ओळींचा कोड होता. याची किंमत पुढे आहे.

४ आणि ५ ऑक्टोबर

शुक्रवारी संध्याकाळी माझी शाखा (बदललेल्या कोडची प्रत) मामांच्या पायवर टाकली आणि गाय डॉट कॉन्फची ओळ काढली. केबलवर जोडणी लगेच झाली. रिव्ह्यू झालेला नाही, मेंटेनरने कोड पाहिलेलाही नाही, आणि मी ते छाटणीच्या आठवड्यात चालत्या केंद्रावर टाकलं. हे करायला नको होतं.

पहाटे साडेपाचला मामांचा फोन. "रात्रभर फोन वाजतोय गं. केंद्र बंद, केंद्र चालू, केंद्र बंद. झोप नाही घरात कुणाला."

रात्री साडेअकराला गावातली वीज गेली. केबलवाल्याचा डबा बंद पडला, बॅटरीवरचा पाय ठरल्याप्रमाणे सिमच्या डोंगलवर गेला. इथपर्यंत सगळं बरोबर. सिमवर आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ दोन्ही चालतात, फक्त हळू: एक फेरी साधारण ४०० मिलिसेकंदांची. ब्रोकरच्या लॉगमध्ये एकाखाली एक एकच ओळ शेकडो वेळा: हा क्लायंट आधीच जोडलेला आहे, जुनं कनेक्शन बंद करतोय.

कागदावर मांडलं. टीएलएस सोडून देते. ते धरलं तर आकडे वाढतात, क्रम तोच राहतो.

आयपीव्ही ६ शून्याला निघालं, ४०० ला जोडलं, कनेक्ट पॅकेट पाठवलं. आयपीव्ही ४ २५० ला निघालं, ६५० ला जोडलं, त्यानेही कनेक्ट पॅकेट पाठवलं. ८०० ला आयपीव्ही ६ ला होकार आला. तो जिंकला, मी आयपीव्ही ४ चा टास्क कॅन्सल केला. पण आयपीव्ही ४ चं कनेक्ट पॅकेट तर वाटेत आहे. ८५० ला ते ब्रोकरला मिळालं. क्लायंट आयडी (केंद्राची ओळख) तोच. एमक्यूटीटीचा नियम असा की त्याच आयडीने दुसरा आला तर पहिल्याला काढायचं. ब्रोकरने जिंकलेल्याला काढलं. हरलेल्याचं सॉकेट (जोडणीचं आपल्याकडचं टोक) मी आधीच बंद केलेलं. दोन्ही गेले. लायब्ररी परत जोडायला निघाली आणि परत तेच.

क्लायंट असा न सांगता गेला की ब्रोकर त्याचा ‘लास्ट विल’ संदेश सगळ्यांना पाठवतो. तो विल म्हणजेच मामांच्या फोनवरची "केंद्र बंद" ही सूचना. सूचनांची सोय मीच करून दिली होती.

सकाळी सहाला शाखा काढली, जुनी आवृत्ती आणि गाय डॉट कॉन्फची ओळ परत घातली. रात्रीचे सहा तासांचे ओलाव्याचे आकडे तुटक आहेत. मामा रागावले नाहीत. "आज फवारणी करू का नको, एवढं सांग," म्हणाले. मला सांगता आलं नाही. ते स्वतः बागेत जाऊन पानं बघून आले.

६ ऑक्टोबर

शर्यत फक्त टीसीपीपर्यंत. एक सॉकेट जिंकलं की मग त्या एकावरच टीएलएस, आणि मग कनेक्ट पॅकेट. टीसीपी जोडून लगेच बंद केलेल्या कनेक्शनमुळे ब्रोकरच्या स्थितीत काही बदलत नाही. कनेक्ट पॅकेटने बदलतं. एखाद्या प्रोटोकॉलमध्ये "मी अमुक" असं सांगताच समोरच्याकडे काही उलथापालथ होत असेल, तर ते वाक्य शर्यतीत येऊ देऊ नका.

टेस्टमध्ये आता खरा मॉस्किटो आहे. नेटएम वापरून दोन्ही बाजूंना २०० मिलिसेकंद उशीर घातला आणि शुक्रवारची रात्र घरात उभी केली. जुनी शाखा लगेच पडली, नवी टिकली.

९ ऑक्टोबर

पुल रिक्वेस्ट उघडली. मेंटेनरचा पहिला प्रश्न: पायथन ३.८ पासून असिंकआयओच्या (पायथनच्या स्वतःच्या असिंक मॉड्युलच्या) क्रिएट कनेक्शनमध्ये हॅपी आयबॉल्सचा पर्याय आहे, तो का वापरला नाही?

मला तो माहीतच नव्हता. तसंच लिहिलं.

मग तपासलं. लायब्ररी सॉकेट स्वतः तयार करते, कारण जोडण्याआधी त्यावर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते तपासणं) लावायचं असतं आणि हवं तर ते एका ठरावीक इंटरफेसला बांधायचं असतं (मामांचा पाय डोंगलसाठी नेमकं हेच वापरतो). तयार पर्यायात सॉकेट असिंकआयओ बनवतं, मध्ये शिरायला जागा नाही. आधी मिळालेल्या पत्त्यांवर शर्यत लावून जोडलेलं सॉकेट हातात देणारं ‘एआयओहॅपीआयबॉल्स’ नावाचं वेगळं पॅकेजही आहे, एआयओएचटीटीपी ही लायब्ररी ३.१० पासून तेच वापरते. तेही पाहिलं. पण या लायब्ररीला आज बाहेरची एकही डिपेंडन्सी नाही आणि मेंटेनरला ती घ्यायची नाही. त्यांचा निर्णय मला पटतो. लहान उपकरणांवर चालणारा कोड आहे.

म्हणजे कोड आपलाच लिहायचा, पण असिंकआयओच्या धाटणीने. अट: पायथन ३.९ ते ३.१३ सगळीकडे चालायला हवं. टास्कग्रुप आणि असिंकआयओ डॉट टाइमआउट ३.११ मध्ये आले, त्यामुळे दोन्ही नाहीत.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजा आटोपून दुपारी सीपायथनच्या (पायथनच्या मूळ अंमलबजावणीच्या) सोर्समधली स्टॅगर्ड नावाची फाइल वाचली. सगळी टिपणं धरूनही छोटीच. त्यात एक गोष्ट मला सुचली नव्हती: एखादा प्रयत्न एरर देऊन पडला तर पुढच्याने २५० मिलिसेकंद थांबायचं कारण नाही, त्याने लगेच निघायचं. माझ्या कोडमध्ये नकार आला तरी पुढचा तसाच वाट बघत बसला होता.

४१२ ओळी पुसल्या. नवीन १४० झाल्या.

१९ ऑक्टोबर

सलग दोन हजार वेळा जोड-तोड करणारी टेस्ट रात्री लावून झोपले. सकाळी ती हजाराच्या थोडं पुढे जाऊन पडलेली: ‘टू मेनी ओपन फाइल्स’. लॅपटॉपवर एका प्रोसेसला १०२४ फाइलची मर्यादा. दर वेळी बरोबर एक सॉकेट उघडं राहतंय. प्रॉकमधल्या एफडी फोल्डरमध्ये (प्रोसेसने उघड्या ठेवलेल्या फाइलच्या यादीत) बघितलं तर सॉकेटांची रांगच लागलेली.

हरलेल्या प्रयत्नाचं सॉकेट बंद करायचा कोड मी ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’ या ब्लॉकमध्ये लिहिला होता. टास्क कॅन्सल झाला की आत कॅन्सल्डएरर येते. पायथन ३.८ पासून ती एक्सेप्शनची नव्हे, बेसएक्सेप्शनची वारस आहे. माझ्या ब्लॉकला ती दिसतच नाही. आणि इव्हेंट लूपचं (असिंक कामं आळीपाळीने चालवणाऱ्या यंत्रणेचं) सॉक कनेक्ट कॅन्सल झाल्यावर लक्ष ठेवणं सोडतं, सॉकेट बंद करत नाही. ते करणं बोलावणाऱ्याचं काम.

एरवी पायथनने ते सॉकेट कचऱ्यात काढून बंद केलं असतं आणि मला पत्ता लागला नसता. पण लॉगमध्ये "कोणत्या पत्त्याला किती वेळ लागला" दाखवायला मी एक डिक्शनरी ठेवली होती, आणि तिच्यात पत्त्याऐवजी अख्खं सॉकेटच ठेवलं होतं. त्या डिक्शनरीमुळे दोष उघडा पडला, नाहीतर तो तसाच मर्ज झाला असता, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला असता.

आता ब्लॉक बेसएक्सेप्शनचा आहे: सॉकेट बंद, आणि एरर पुन्हा वर. डिक्शनरी काढली. टेस्ट पायथनच्या डेव्ह मोडमध्ये चालवते आणि रिसोर्सवॉर्निंग (काही बंद करायचं राहिल्याचा इशारा) आली की टेस्ट पाडते. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

२० ऑक्टोबर

रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या एका सहभागी डेव्हलपरने एक ओळ लिहिली: "दोघेही जिंकले तर?"

दोन सॉकेट इव्हेंट लूपच्या एकाच फेरीत जोडली गेली, तर पहिल्याचा निकाल घेऊन मी दुसऱ्याला कॅन्सल म्हणते. पण दुसरा टास्क तोवर पुरा झालेला असतो, आणि पुऱ्या झालेल्या टास्कवर कॅन्सल म्हटलं तर ते काहीच न करता ‘फॉल्स’ परत देतं. त्या टास्कच्या आत कुठलीही एरर येत नाही, कालचा ब्लॉक चालत नाही, आणि एक जोडलेलं, जिवंत सॉकेट कुणाच्याही मालकीचं राहत नाही.

घडवून पाहायला मधला वेळ शून्य केला, म्हणजे दोन्ही एकदम सुटतात. दोन हजारांत ३१ वेळा घडलं. २५० मिलिसेकंदांवर ते क्वचितच घडेल, पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या पायवर घडेल.

दुरुस्ती: कॅन्सल केल्यावर सगळे हरलेले टास्क संपेपर्यंत थांबायचं, प्रत्येकाचा निकाल बघायचा, निकालात सॉकेट असेल आणि ते जिंकलेलं नसेल तर बंद करायचं. अकरा ओळी. पूर्ण पुल रिक्वेस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात त्या याच.

२६ ऑक्टोबर

डीएनएस. आरएफसीत पुढे असंही आहे की आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ ची उत्तरं वेगवेगळी मागवावीत, आणि आयपीव्ही ४ चं आधी आलं तर दुसऱ्यासाठी ५० मिलिसेकंद थांबावं. मी उत्साहाने गेटॲड्रइन्फो (नावावरून पत्ते शोधणारं फंक्शन) दोनदा बोलवायला लावलं.

गेटॲड्रइन्फो असिंक नाही. असिंकआयओ ते थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यात) ढकलतं, आणि ठरलेल्या पूलमध्ये थ्रेड किती? कोरची संख्या अधिक चार, जास्तीत जास्त ३२. पायवर आठ. डीएनएस सर्व्हर उत्तर देत नसेल तर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) पाच-पाच सेकंद दोनदा थांबते. वरून टास्क कॅन्सल केला तरी आतला थ्रेड थांबत नाही. चार पुनर्प्रयत्नांत आठही थ्रेड अडकले. आकडे कार्डवर लिहिणारा कोडही त्याच पूलमधून जातो, तोही रांगेत उभा. नेट गेलं म्हणून सेन्सरचे आकडे लिहायचे थांबणार, हे मी होऊ देऊ शकत नाही.

हा भाग काढला. एकच गेटॲड्रइन्फो, पूर्वीसारखं. डीएनएससाठी वेगळा इश्यू उघडला.

पत्त्यांची सरमिसळ मात्र घेतली: एक ६, एक ४, परत एक ६. नाहीतर चार आयपीव्ही ६ पत्ते असलेल्या ब्रोकरला एक सेकंद फुकट.

९ नोव्हेंबर

दिवाळीत काम नाही.

उरलेला वाद दोन गोष्टींवर. सगळे पत्ते पडले तर कोणती एरर द्यायची? ३.११ असतं तर एक्सेप्शनग्रुप दिला असता. आता एकच ओएसएरर, पण मजकुरात प्रत्येक पत्ता आणि त्याचं कारण. शेवटचीच एरर दाखवली की माणूस आयपीव्ही ४ शी झगडत बसतो आणि दोष आयपीव्ही ६ मध्ये असतो.

दुसरं, मधला वेळ. मी सिमसाठी ५०० मागत होते. मेंटेनर म्हणाले, मूळ २५० च ठेवा, बदलता येईल असा पर्याय द्या, १० मिलिसेकंदांच्या खाली जाऊ देऊ नका. बरोबर आहे. माझ्या एका बागेसाठी सगळ्यांचा आकडा बदलायला नको.

१६ नोव्हेंबर

मर्ज झालं. कोडच्या ९६ ओळी, टेस्टच्या ३१० पेक्षा जास्त. नेमस्पेसची मांडणी मेंटेनरने वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली आणि जुन्या दोन पुन्हा-जोडणीच्या टेस्टही तिच्यावर नेल्या.

हिशोब: वेळ ७० तासांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त चुकीच्या वाटेवर. दुसरा डोंगल १,४०० रुपये, चाचणीसाठी दोन महिने दुसरा सर्व्हर ९०० रुपये. मामांच्या घरातली एक रात्र.

२३ नोव्हेंबर

दिंडोरीला आले. घड मण्यांवर आले आहेत. रिलीज झालेली आवृत्ती पायवर टाकली, गाय डॉट कॉन्फमधली ओळ काढली. केबलवर पहिली जोडणी ०.३१ सेकंदांत: २५० वाट बघण्यात, बाकी आयपीव्ही ४ ला लागले. टीसीपीडम्पमध्ये आयपीव्ही ६ चं एक सिन जाताना दिसतं, एवढीच त्याची खूण.

मग मामांना केबलवाल्याच्या डब्याचा प्लग काढायला सांगितला. पाय डोंगलवर गेला. ब्रोकरच्या लॉगमध्ये क्लायंट जोडल्याची एक ओळ आली. दहा मिनिटं आम्ही दोघं पडवीत स्क्रीनकडे बघत बसलो. दुसरी ओळ आली नाही. मामांनी आपला फोन उलटा करून बघितला, खिशात ठेवला आणि "चल, चहा घे," म्हणाले.

प्लग रात्रभर काढूनच ठेवला आहे. डीएनएसच्या इश्यूवर माझं नाव लावलंय; पुढच्या आठवड्यात त्याची टेस्ट आधी लिहीन, उत्तरच न देणाऱ्या नेमसर्व्हरसकट.